एअर ड्रायचा अर्थ

चौथीतली एक मुलगी वही तपासून घ्यायला माझ्या टेबलाशी आली, जरा थांबली आणि हळूच म्हणाली, "मिस, तुम्ही भिजल्या का?"

डिसेंबर होता. नंदुरबारला डिसेंबरात हवा इतकी कोरडी असते की बोलताना ओठ ताणले जातात. मी "नाही" म्हटलं, वहीवर खूण केली आणि तिला जागेवर पाठवलं. मग फळ्याकडे तोंड करून ओढणीचं टोक नाकाशी नेलं. धुतलेली, घडी घातलेली, सकाळीच कपाटातून काढलेली ओढणी होती ती. तिला फरशी पुसायच्या फडक्याचा वास येत होता. तेही पिळून वाळत टाकलेल्या फडक्याचा नाही, तर बादलीत विसरलेल्या, दुसऱ्या दिवशी उचलल्यावर बोटांना बुळबुळीत लागणाऱ्या फडक्याचा. उरलेला तास मी खिडकीजवळ उभं राहून शिकवलं. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या मध्ये बसून डबा खायला नको म्हणून भूक नाही असं सांगितलं. मी काही टाळलं की लोक ती लाजाळू आहे म्हणतात. निम्म्या वेळा ते खरं असतं.

त्या वासाचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं. मी इंग्लिश मीडियममध्ये शिकले आणि आता गावातल्याच एका छोट्या इंग्लिश मीडियम शाळेत शिकवते. मम्मी-पप्पा घरी अहिराणी बोलतात, मी त्यांना मराठीत उत्तर देते. त्यामुळे बऱ्याच गोष्टींसाठी माझ्याकडे तीन भाषांतले अर्धे अर्धे शब्द असतात. "कुबट" हा शब्द मम्मीने दिला. एक दिवस टॉवेल हुंगून ती म्हणाली, "कुबट वास ई ऱ्हायना," आणि मला वाटलं, बरोबर. या शब्दातच कुठेतरी पाणी साचलेलं आहे.

वास येत होता तो नव्या वॉशिंग मशीनमधून निघालेल्या कपड्यांना. आणि मशीन आलं होतं ते मम्मीच्या हातांसाठी.

आमच्या कॉलनीत बोअरचं पाणी आहे. ते जड आहे, साबणाला फेस येत नाही, म्हणून मम्मी साबण जास्त लावायची, आणि जास्त घासायची. इतक्या वर्षांनी तिच्या तळहातांची सालं निघायला लागली. मग बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या. मूठ वळली की चिरा उघडायच्या आणि आत लाल दिसायचं. एकदा भाकरी थापताना पिठावर लाल ठिपका उमटला. तिने तेवढं पीठ चिमटीने उचलून टाकलं आणि माझ्याकडे न बघता पुढे थापत राहिली. ती भाकरी मी खाल्ली नाही. पोट भरलं म्हणून सांगितलं. हे लिहायला मला आवडत नाही, पण तसं झालं होतं.

त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की साबणाच्या पाण्यात हात घालायचा नाही, मलमाने नुसतं काही होणार नाही. हातमोजे वापरून बघितले, तर आत घाम येऊन आणखी चिघळलं. तेव्हा पप्पांनी मशीन घ्यायचं ठरवलं.

पप्पा वीज खात्यात वायरमन होते. निवृत्त झाले तरी ते घरात शिरले की आधी कुठला दिवा उगाच चालू आहे ते बघतात. दुकानात त्यांनी मशीनचा रंग बघितला नाही, आकार बघितला नाही, त्यावरचे तारे मोजले. पाच तारे होते. काचेचं गोल दार समोरून उघडणारं, कमी पाणी आणि कमी वीज घेणारं मशीन. ताऱ्यांचं स्टिकर त्यांनी काढू दिलं नाही. ते अजून तिथेच आहे, त्याच्या चिकट कडांना काळा मळ धरला आहे.

"इको" नावाचं बटण त्यांनी पहिल्या दिवशी दाबलं आणि पुढे तेच दाबायचं असा नियम केला. पाणी थंडच वापरायचं. मशीनमध्ये पाणी तापवायची सोय होती, पण पप्पांचं म्हणणं होतं, "गरम पानी म्हनजे हीटर, आनि हीटर म्हनजे मीटर." या यमकावर ते स्वतःच खूश होते, दोन-तीन वेळा ऐकवलं.

इकोमध्ये कपडे तीन तास फिरायचे. मम्मी काचेसमोर पाट टाकून बसायची. आत पाणी दिसायचंच नाही. ओले कपडे एकमेकांवर आपटायचे, थांबायचे, विचार केल्यासारखे पुन्हा फिरायचे.

"इतलासा पानीमा कपडा भिजनात तरी का?" ती म्हणायची.

"म्हनीसन तर पाच तारा शेतस," पप्पा म्हणायचे.

आता वाळत घालण्याबद्दल सांगते, कारण सगळा घोळ तिथे झाला.

आमची कॉलनी गावाच्या कडेला आहे आणि कॉलनीच्या पलीकडे मिरचीच्या पथारी आहेत. व्यापारी विकत घेतलेली लाल मिरची तिथे उघड्या जमिनीवर वाळत घालतात, तिला पथारी म्हणतात. दिवाळीनंतर चार महिने गच्चीवरून लालच लाल दिसतं. बाहेरून आलेली माणसं मोबाइलवर फोटो काढतात. आम्ही खिडक्या लावून घेतो. मिरची खाली-वर केली की बारीक धूळ उठते, घशात ठसका बसतो, आणि ती धूळ गच्चीवरच्या ओल्या कपड्यांना चिकटते. उशीचा अभ्रा असेल तर डोळे चुरचुरतात. आतले कपडे असतील तर काय होतं ते आमच्या कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. म्हणून मिरचीच्या दिवसांत कपडे गच्चीवर जात नाहीत. मम्मी ते घरामागच्या अरुंद बोळात दोरीवर घालायची. ऊन नव्हतं, पण वारा होता, दोन दिवसांत वाळायचे.

मशीन बसवायला जागा शोधली तेव्हा नळ आणि पाणी जायची मोरी त्या बोळातच निघाली. मशीन तिथे बसलं. दोरी काढावी लागली.

मशीन जोडून द्यायला आलेला माणूस भराभर हिंदी बोलत होता. मम्मीने त्याला एकच विचारलं, "याले ड्रायर शे ना?"

"इनबिल्ट है, मॅडम," तो म्हणाला.

आमच्याकडे ड्रायर म्हणजे काय ते सांगायला हवं. शेजारच्या काकूंकडे जुनं दोन टाक्यांचं मशीन आहे. एका टाकीत कपडे धुतात, मग उचलून दुसऱ्या टाकीत टाकतात, ती गरगर फिरवून पाणी काढते. त्या दुसऱ्या टाकीला सगळं गाव ड्रायर म्हणतं. ती कपडे वाळवत नाही, नुसती पिळते. मम्मीला हे ठाऊक होतं. पण तिचा हिशेब असा की काकूंचा ड्रायर बाहेर आहे आणि साधा आहे, आपला आत आहे आणि नव्या पद्धतीचा आहे, तेव्हा तो खराच वाळवत असेल. तरी तिने खात्री करून घ्यायची ठरवली. मशीनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक तिने माझ्या हातात दिलं.

"बाहेर टाकना पडतीन का, लिखेल शे का तठे?"

"वाचा, मॅडम," पप्पा म्हणाले. मी शिक्षिका झाल्यापासून ते मला मॅडम म्हणतात. जोडणारा माणूस सही घ्यायला दारात खोळंबला होता. त्याला पप्पा सांगत होते, "पोरगी इंग्लिश मीडियमनी शे."

मी पानं उलटली. "एअर ड्राय" असा मथळा सापडला. खाली एक लांब वाक्य होतं. हवेच्या जोराने कपड्यांतला ओलावा काढला जातो, इथपर्यंत मला नीट कळलं. पुढे दोन शब्द होते ते नीट कळले नाहीत, आणि वाक्य पुढच्या पानावर गेलं होतं. तिघं जण माझ्या तोंडाकडे बघत होते. तिघं जण बघत असताना मला पान उलटता येत नाही.

"हवेने वाळतात," मी म्हणाले. "आतच."

मम्मी हसली. तिने हात पदरात गुंडाळून घेतले.

तेव्हापासून असं ठरलं की धुणं झालं, एअर ड्राय झालं की कपडे काढायचे, घडी घालायची आणि लोखंडी कपाटात ठेवायचे. कपडे मशीनमधून निघायचे ते हलके आणि गार. थंडीच्या दिवसांत गार आणि ओलं यांतला फरक हाताला पटकन कळत नाही. मम्मीला तर नाहीच, तिच्या बोटांवर मलमाचा थर असायचा आणि टोकांची कातडी जाड झाली होती. मला कळला असता. पण घड्या ती घालायची, आणि मला घाई असायची.

वास हळूहळू आला. आधी टॉवेलांना, मग पप्पांच्या बनियनना, मग सगळ्यालाच. पहिले काही दिवस वाटलं कपाटात पाल मेली असेल. मी कपाट रिकामं करून पुसलं. पाल नव्हती. डांबरगोळ्या टाकल्या तर कुबट वासाला डांबराची फोडणी बसली. मम्मीने गुलाबाच्या वासाचं औषध आणलं, मशीनमध्ये ओतायचं. त्याने जे झालं ते सांगणं कठीण आहे. गुलाबाची फुलदाणी आहे, पाणी आठ दिवस बदललेलं नाही आणि देठ कुजून पांढरे झाले आहेत, अशा पाण्यात बुडवून काढल्यासारखी चादर. मी त्या चादरीवर झोपले. सकाळी माझ्या केसांना तो वास होता.

अंघोळ करून अंग पुसलं की वाटायचं आता पुन्हा अंघोळ करावी. टॉवेल कोरडा असेपर्यंत गप्प असायचा. अंगाचं पाणी लागलं की जागा व्हायचा. मी अंग हाताने निपटून तशाच ओल्या अंगावर कपडे घालायला लागले.

पप्पा म्हणायचे, "माले काही वास येस नही." ते तपकीर ओढतात. त्यांच्या नाकाचा काही भरवसा नाही.

शेजारच्या काकूंच्या नाकाचा होता. एक दिवस कंपाउंडच्या भिंतीवरून डोकावून त्या मम्मीला म्हणाल्या, "काय व बाई, नवं मशीन लई उनात आनि त्यामा गोधड्या कुजाडी ऱ्हायनात का?"

मम्मी हसली. "इको शे ते," ती म्हणाली. त्या शब्दाचा अर्थ दोघींनाही माहीत नव्हता, त्यामुळे विषय तिथेच संपला.

मी वर्गात मुलांपासून दोन हात लांब उभी राहायला लागले. त्या मुलीने पुन्हा काही विचारलं नाही. पण ती वही आता टेबलाच्या पलीकडून सरकवायची.

शनिवारी शाळा अर्धीच असते. त्या शनिवारी मी घरी आले तर पुढचं दार उघडं होतं आणि मागून थपथप आवाज येत होता. मम्मी बोळात मोरीशी बसली होती, मशीनच्या बाजूलाच. मशीनवर फुलांच्या नक्षीचं प्लास्टिकचं कव्हर नीट ओढलेलं होतं. तिने दोन्ही हातांना दुधाच्या पिशव्या बांधल्या होत्या, मनगटाला रबर लावून, आणि ती माझी ओढणी दगडावर घासत होती.

"काय करतेस हे?"

"तुन्ही ओढनी शे," ती म्हणाली. "तू रोज सकाय कपडा हुंगस. माले दिखस ना."

मला वाटत होतं मी हे दार लावून करते.

तिने पिशव्या काढल्या. आत पाणी शिरलं होतं. हात फुगून पांढरे झाले होते, पाण्यात राहिलेल्या पावासारखे, आणि चिरांच्या कडा उलट्या वळल्या होत्या. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरात पू झाला होता. तिने ते बोट दाबून बघितलं आणि जे आलं ते मोरीत धुतलं. मी वळून भिंतीकडे बघितलं.

मग कळलं की हे आजचं नव्हतं. आठवडाभर ती, मी शाळेत आणि पप्पा गावात गेले की, मशीनमधून निघालेले वासाचे कपडे पुन्हा हाताने धूत होती. बोळात दोरी नव्हती म्हणून गच्चीवर नेऊन घालत होती आणि आम्ही यायच्या आत झटकून घडी घालत होती. झटकताना मिरचीची धूळ त्या चिरांमध्ये जायची. तिने सांगितलं नाही, मी विचारलं. "आग व्हस जराशी," ती म्हणाली. "तूप लावं म्हनजे कमी व्हस."

डॉक्टरांनी पुवाचं औषध दिलं आणि तिच्याशी न बोलता माझ्याशी बोलले. पुन्हा पाण्यात हात गेले तर बोट चिरावं लागेल, म्हणाले.

त्या दुपारी मी वासावर काही उपाय दिला आहे का ते बघायला मशीनचं पुस्तक काढलं. एअर ड्रायचं पान आलं. या वेळी घरात कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. मी पान उलटलं.

वाक्य पुढे असं होतं की यामुळे कपडे लवकर वाळायला मदत होते, मशीन थांबताच ते बाहेर काढून मोकळ्या हवेत वाळत घालावेत. खाली चौकट होती. दार बंद ठेवू नये. दाराचं रबर प्रत्येक वेळी पुसावं. अधूनमधून रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवावं, नाहीतर दुर्गंधी येते. दुर्गंधीसाठी तिथे जो इंग्रजी शब्द होता तो मला चांगला माहीत होता. मी तो मुलांना शिकवला आहे.

ड्रायर नव्हताच. काकूंची दुसरी टाकी होती ती, फक्त आत बसवलेली.

मी पुस्तक मिटलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं, आणि कोणाला काही सांगितलं नाही.

का, याचं कारण मी स्वतःला बऱ्याच प्रकारे सांगून बघितलं आहे. घरात कुठलंही इंग्रजी आलं की ते माझ्याकडे येतं. बँकेचं पत्र, औषधाची पुडी, मोबाइलवरचा मेसेज. मी वाचते आणि सांगते, आणि ते दोघं मान हलवतात. त्यांनी कधी तपासून बघितलेलं नाही, कारण तपासायला त्यांच्याकडे काही नाही. माझ्या शाळेसाठी त्यांनी जे काही केलं ते सगळं या मान हलवण्यात असतं. मी चुकीचं वाचलं असं एकदा म्हटलं की आधीचं सगळंच पुन्हा वाचावं लागेल असं मला वाटलं.

मग मी गुपचूप दुरुस्ती सुरू केली. सकाळी मशीनचं कव्हर काढून दार उघडं ठेवायची. दुपारी पप्पा ते लावून टाकायचे, "उंदीर घुसी जाई," म्हणायचे, आणि वर कव्हर ओढायचे. मी कपडे घडी घालण्याआधी उचलून माझ्या खोलीतल्या खिडकीच्या गजांवर टाकायची. मम्मी यायची, हात लावायची.

"सुकेल शेतस ना, कसाले टांगस?"

"असंच."

ती ते काढून घडी घालून कपाटात ठेवायची. मी बघत राहायची. आठ दिवस असं चाललं. तेवढ्यात ती आणखी दोनदा तरी मोरीशी बसली असणार. मी शाळेतून आले की तिच्या हातांकडे बघायचं टाळायची, म्हणजे मला मोजावं लागणार नाही.

रविवारी सकाळी पप्पा चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "मशीनच खराब शे. काढी टाकसूत. मॅडम, कंपनीले तक्रार लिखी द्या, इंग्लिशमा. मराठीमा लिखं ते कोन्ही देखस नही."

"काय लिहू?"

"लिखा का ड्रायर चालस नही. कपडा सुकतस नहीत, वास येस. मशीन वापस ली जावा."

मम्मी दाराशी बसून लसूण सोलत होती, बोटांना लागू नये म्हणून नखांच्या टोकांनी. "जाऊ द्या ते मशीन," ती म्हणाली. "मी हातवर धोई लिसू. मन्हा हातले सवय शे."

मी मोबाइल घेऊन बसले. इंग्रजीत पहिलं वाक्य लिहिलं, ड्रायर नीट काम करत नाही असं. वाक्य चांगलं होतं, व्याकरणाची चूक नव्हती. ते मी दोनदा वाचलं. ते पाठवलं असतं तर माझी चूक कंपनीच्या नावावर गेली असती आणि मशीनही गेलं असतं, आणि मम्मी सोमवारी मोरीशी बसली असती. मी मोबाइल खाली ठेवला आणि बोळात गेले. लगेच बोलायचं धाडस नव्हतं, एवढंच.

कव्हर काढलं. दार उघडलं तर आतली हवा तोंडावर आली, गरम नाही, पण कोणाच्या तरी उघड्या तोंडासमोर उभं राहिल्यासारखी. दाराभोवती करड्या रबराची जाड कड आहे, तिला घडी पडते. पुस्तकात ती पुसायला सांगितली होती. मी दोन बोटांनी घडी ओढून आत बघितलं.

आत काळं होतं. लोण्यासारखं मऊ, तेलकट, काळं. त्यात मम्मीचे पांढरे केस गुंडाळी होऊन बसले होते, एक लाल टिकली होती, कागदाचा फुगून लगदा झालेला तुकडा होता, मिरचीचं बी होतं. खालच्या बाजूला घडीत पाणी साचलं होतं आणि त्यावर साय धरली होती. मी बोट फिरवलं तर ती साय बोटाला लांब येऊन तुटली. हे सगळं तीन तास आमच्या कपड्यांबरोबर फिरत होतं, आणि आम्ही काचेसमोर बसून बघत होतो.

बोट तसंच धरून मी आत गेले.

"ड्रायर बिघडलेला नाही," मी म्हणाले. "ड्रायर नाहीच आहे त्यात. नुसतं पिळतं. कपडे बाहेर वाळत घालायचे असतात. मी चुकीचं सांगितलं."

पप्पांनी कप खाली ठेवला. "तू तर वाचेल व्हतं ना?" मॅडम म्हणायचं राहिलं.

"अर्धंच वाचलं होतं. पुढचं पान उलटलं नव्हतं."

"मंग आज उलटं का?"

खोटं बोलायला ही चांगली जागा होती. त्यांनीच करून दिली होती. "नाही," मी म्हणाले. "मागच्या शनिवारी. डॉक्टरांकडून आलो त्या दिवशी."

मम्मीच्या हातात लसणाची पाकळी होती. ती तिने ताटलीत ठेवली आणि आपल्या हाताकडे बघितलं, पट्टी बांधलेल्या बोटाकडे, मग माझ्याकडे.

"मन्हा हात देखीसन बी?" ती म्हणाली.

"हो."

आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. तिने चढवला नाही. ती उठली. "ते काय शे तुन्हा बोटले?"

"रबरात होतं. मशीनच्या."

"दखाड माले."

आम्ही तिघं त्या अरुंद बोळात एकामागे एक उभे राहिलो. मी रबर ओढून धरलं. पप्पा वाकले, चष्मा वर केला आणि झटकन मागे झाले. वास त्यांच्यापर्यंतही पोचला होता.

"अरे, हाई काय शे," ते म्हणाले.

मम्मी बराच वेळ बघत होती. मग पप्पांना म्हणाली, "हीटर लावा."

"आगोदर पुसी लिऊत, मंग देखूत..."

"हीटर लावा," ती तेवढ्याच आवाजात म्हणाली. पप्पांनी मीटरचं नाव काढलं नाही.

पुसायला मम्मी पुढे झाली. मी तिला म्हटलं, तू हात लावू नकोस. ती मागे सरकून पाटावर बसली. मी जुन्या टूथब्रशने, चिंधीने, शेवटी नखाने ते काळं खरवडून काढलं. वर्तमानपत्राचे तीन कागद भरले. मधे एकदा मला खरोखर ओकारी आली, मोरीशी वाकले, पण काही पडलं नाही. पावडर टाकायच्या खणात गुलाबाच्या औषधाचा गुलाबी चिकट गोळा झाला होता आणि त्यावर बुरशी आली होती, गुलाबी लोकर उगवल्यासारखी. तो खण मी पप्पांकडे दिला. त्यांनी तो काडीने साफ केला, तोंड पूर्ण फिरवून.

"कोनतं बटन?" त्यांनी विचारलं. मी पुस्तक आणलं, त्यात बघून बटण सांगितलं, आणि त्यांनी मला त्या ओळीवर बोट ठेवायला लावलं. मग दाबलं.

मशीन रिकामंच फिरलं. काच हळूहळू तापली. थोड्या वेळाने मोरीत पाणी सुटलं. आधी करडं, मग चहासारखं. त्यात काळे पापुद्रे तरंगत होते, काही रुपयाएवढे मोठे, आणि कडेला तपकिरी फेस साचत गेला. उकडलेल्या चिखलाचा वास सगळ्या बोळात भरला.

मम्मीने पदर नाकाला लावला. "आपन हाई आंगवर घाली फिरनूत?" ती म्हणाली.

कपाटातलं सगळं पुन्हा धुवायला काढलं. दुपारपर्यंत हॉलमध्ये खिडकीपासून दारापर्यंत दोरी बांधली गेली. पप्पांनीच बांधली, वायरमनची गाठ मारून. पंखा लावला. टीव्ही टॉवेलांच्या मागे गेला. काकू साखर मागायला आल्या, चादरी बाजूला करत वाट काढत म्हणाल्या, "कोनी मरनं का पावना येवाव शेत?" मम्मीने त्यांना सांगितलं, "ड्रायर नही शे आमना." आणखी काही सांगितलं नाही. मी आत होते, मला ऐकू आलं.

वास पूर्ण गेला नाही. टॉवेलांच्या जाड कडांमध्ये तो अजून आहे, दोन टॉवेल तर फेकावेच लागले. मी अजून रोज कपडे हुंगते, आता दार न लावता. माझ्या नखांच्या खालची काळी रेघ तीन दिवस निघाली नाही. त्या तीन दिवसांत मी डावखुऱ्यासारखी जेवले.

मम्मी त्या रविवारी माझ्याशी कामापुरतं बोलली. संध्याकाळी मी मलम लावायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मी लावस." एका हाताच्या पाठीने दुसऱ्या हाताला लावत बसली. अर्धं मलम साडीला लागलं. सोमवारी तसंच. मंगळवारी तसंच. कपडे मी वाळत घालत होते, ती पाटावर बसून बघत होती. हात मांडीवर उलटे ठेवलेले, कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे.

बुधवारी डॉक्टरांनी मलम बदललं. घरी आल्यावर तिने नळी माझ्या पुढ्यात ठेवली.

"याना वर काय लिखेल शे?"

मी दिवसातून किती वेळा लावायचं ते सांगितलं.

"बठ्ठं वाच," ती म्हणाली. "जे समजस नही ते बी सांग."

अक्षरं बारीक होती. मी खिडकीशी नेऊन, नळी फिरवत फिरवत, दोन्ही बाजू वाचल्या आणि एकेक ओळ मराठीत सांगितली. त्यात दोन शब्द मला येत नव्हते. मी त्यांच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा नाही येत. आणि हा."

मम्मीने वाकून ते दोन शब्द बघितले, जणू तिला ते ओळखून ठेवायचे होते.

"बरं," ती म्हणाली. "ते डॉक्टरले इचारसूत." आणि पट्टीचं बोट सोडून उरलेला हात तिने मलम लावायला माझ्यापुढे केला.